उलटा मल्लखांब

ज्याला मल्लखांबावर चढता येत नाही त्याने नुसतं उतरून दाखवावं आणि बघणाऱ्यांनी त्यालाच चढणं म्हणावं, ही कल्पना माझी नव्हती. ती जयप्रकाश आगटेची. मी फक्त उतरलो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे कलकत्त्याच्या बालीगंजात या प्रकरणाची जी चर्चा झाली तिच्यात आगटेचं नाव कुठेच नव्हतं आणि माझं मात्र कोपऱ्यावरच्या पानवाल्यालाही पाठ झालं.

सुरुवात केली सान्यालबाबूंनी. ते आमच्या खालच्या मजल्यावर राहायचे आणि गल्लीतल्या तरुण संघाचे सेक्रेटरी होते. संघाला पंचवीस वर्षं झाली होती, त्यामुळे त्यातले बहुतेक तरुण पन्नाशीला टेकले होते. रौप्यमहोत्सवात गल्लीतल्या प्रत्येक बिऱ्हाडाने आपापल्या मुलखाचं काहीतरी सादर करावं असं ठरलं. पंजाबी बिऱ्हाडाने भांगडा कबूल केला, मद्रासी मामींनी वीणा. आमच्याकडे आल्यावर सान्यालबाबू फार प्रेमाने म्हणाले, की तुमचे पूर्वज इथे घोड्यांवरून आले, त्यांच्या भीतीने आम्ही बागबाजारापासून खंदक खणला, आमच्या आज्या त्यांचं नाव काढून पोरं झोपवायच्या. आणि आता तुम्ही येता ते बँकेच्या बदलीवर, हातात डबा घेऊन. यात रागावण्यासारखं काही नव्हतं. मी डबा नेतो. डब्यात पोळी-भाजी असते.

पण दारात माझी मुलगी उभी होती. लीना तेव्हा सहावीत होती आणि तिच्या वर्गात ती एकटीच मराठी. इतिहासाच्या तासाला बर्गींनी, म्हणजे मराठा घोडेस्वारांनी, बंगाल लुटला तो धडा झाला, तेव्हा सगळा वर्ग मान वळवून तिच्याकडे बघत राहिला. तेव्हापासून तिला पोरी ‘बोर्गी’ म्हणायच्या. त्यात पुढाकार तिच्याच बाकावरच्या सुचित्राचा. एकदा रात्री जेवताना लीनाने मला सरळ विचारलं होतं, “बाबा, आपल्या लोकांना लुटण्याशिवाय दुसरं काय येतं?” मी बँकेत असल्यामुळे या प्रश्नाला उत्तर देणं अवघड होतं. ते उत्तर मी आता सान्यालबाबूंना दिलं. म्हटलं, आमच्याकडे मल्लखांब असतो. मीही करत असे.

उचलली जीभ लावली टाळ्याला. शाळेत असताना मल्लखांबाला एरंडेल चोळायचं काम माझ्याकडे होतं, हे खरं आहे. पण ‘करत असे’ या दोन शब्दांत मी स्वतःला खांबाच्या शेंड्यावर नेऊन बसवलं. सान्यालबाबूंनी लगेच कार्यक्रमात नाव घातलं, आणि दुसऱ्या दिवशी लीनाने सगळ्या वर्गाला आमंत्रण दिलं. बाबा खांबावर उलटा चढतो, हात न लावता, असं तिने सांगितलं होतं. हे ‘हात न लावता’ तिच्या पदरचं. कालिंदी, म्हणजे आमची सौभाग्यवती, एवढंच म्हणाली, “अहो, तुम्हाला स्टुलावर चढून माळ्यावरचा डबा काढता येत नाही.”

मी लीनाला खरं सांगणार होतो. पण ती शाळेतून गुणगुणत घरी आली. कित्येक महिन्यांत ती गुणगुणली नव्हती. मी खरं सांगितलं नाही आणि आगटेकडे गेलो.

आगटे कलकत्त्यातच जन्मलेला. एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचा, बाजारात जाऊन मासे स्वतः पारखून आणायचा आणि एका फिल्म सोसायटीचा सभासद होता. त्या काळी कलकत्त्यात फिल्म सोसायटीचा सभासद नसलेला माणूस शोधावा लागे. जर्मनीतल्या मेहुण्याने त्याला आठ मिलिमीटरचा एक कॅमेरा आणि एक प्रोजेक्टर पाठवला होता, आणि त्यावर त्याने आजवर आपल्या धाकट्याच्या मुंजीखेरीज काही चित्रित केलं नव्हतं. माझी अडचण ऐकून तो म्हणाला, “टेंबे, तुम्ही वरून खाली या. मी तुम्हाला खालून वर नेतो.”

युक्ती अशी. कॅमेरा उलटा धरून चित्र घ्यायचं. फिल्म धुऊन आली की तो तुकडा कापून शेवटाकडून जोडायचा. माणूस सुलटा दिसतो पण काळ उलटा जातो. खांबावरून घसरणारा गृहस्थ खांबावर चढताना दिसतो. यात एकच मेख होती. या फिल्मला भोकं एकाच कडेला असतात, त्यामुळे तुकडा जोडताना पालथा करावा लागतो, आणि मग आरशातल्यासारखं डावं ते उजवं होतं. आगटे म्हणाला, काळजी नको, अक्षरं फ्रेममध्ये येऊ द्यायची नाहीत की झालं.

सान्यालबाबूंना मी सांगितलं, की मल्लखांब पहाटे, रिकाम्या पोटी करायचा असतो, संध्याकाळी चहा-सामोशावर नव्हे. तेव्हा पहाटेच्या प्रयोगाची फिल्म दाखवू. ते नाराज होतील असं वाटलं होतं. पण सिनेमा म्हटल्यावर त्यांनी वीणा अर्ध्या तासावर आणली आणि भांगडा मधल्या वेळेत ढकलला.

आता खांब. संघाच्या मैदानात सालाच्या लाकडाचा खांब पुरायचा, तर परवानगी हवी होती. ज्या ऑफिसात मला पाठवलं तिथल्या कारकुनाने कुठल्या पार्टीचा झेंडा लावणार असं विचारलं. मी म्हटलं, झेंडा नाही. मग खांब कशाला? चढायला. चढून काय करणार? उतरणार. त्याने शेजारच्या टेबलावरच्याला बोलावलं, त्याने तिसऱ्याला बोलावलं, आणि तिघांनी मिळून असं मत दिलं की झेंड्याशिवाय खांब ही गोष्ट संशयास्पद आहे. सगळं कलकत्ता तेव्हा भुयारी रेल्वेसाठी खणून ठेवलेलं होतं, त्या खड्ड्यांवर कुणाचा आक्षेप नव्हता. शेवटी सान्यालबाबू माझ्याबरोबर आले, त्यांनी कारकुनाच्या मामाची चौकशी केली, आणि मल्लखांबाची नोंद ‘मंडपाचा खांब’ अशी झाली. खांब उभा राहिला त्याच संध्याकाळी दोन वेगवेगळ्या पार्ट्यांची पोरं झेंड्यासाठी शेंडा आधीच राखून ठेवायला येऊन गेली.

खांबाला एरंडेल लागतं. एवढं एरंडेल एकदम मागितल्यावर दुकानदाराने आवाज खाली आणून घरात सगळ्यांनाच त्रास आहे का असं विचारलं. दोन दिवसांत गल्लीभर आमच्या पोटाची बातमी झाली आणि सल्ले सुरू झाले: पिकली पपई खा, भात मऊ शिजवा, कलकत्त्याचं पाणी बाहेरच्यांना मानवत नाही. सान्यालगिन्नींना, म्हणजे सान्यालबाबूंच्या पत्नींना, तेलाचं खरं कारण कळलं तेव्हा तर त्यांना हसू आवरेना. तेल म्हणजे मोहरीचं, दुसरं कुठलं तेल हे तेलच नाही, असं त्यांचं मत होतं. म्हणून माझं भलं व्हावं या एकाच हेतूने त्यांनी आदल्या संध्याकाळी नोकराकडून खांबाला वरपासून खालपर्यंत मोहरीचं तेल चोळून घेतलं. मला कुणी सांगितलं नाही.

चित्रीकरणाच्या पहाटे कालिंदीने मला नवं जानवं घालायला लावलं. जुनं कळकट झालंय, सिनेमात दिसेल, म्हणाली. ते तिने श्यामराव हळब्यांकडून आणलं होतं. श्यामराव रेल्वेतून रिटायर झालेले. कलकत्त्यातल्या मराठी घरांत सत्यनारायणापासून तेराव्यापर्यंत सगळं तेच करायचे. पांढरंशुभ्र जानवं, लाल लंगोट आणि जानेवारीतली थंडी अशा अवस्थेत मी मैदानात उभा राहिलो. भोवती फिरायला आलेली मंडळी माकडटोप्या, मफलर आणि शाली पांघरून जमली होती आणि मला बघूनच त्यांना हुडहुडी भरत होती. एका म्हाताऱ्याने मला आपला मफलर देऊ केला.

आगटे मात्र कसलेल्या दिग्दर्शकासारखा वागत होता. त्याने संघाची पाटी काढून ठेवली. समोरच्या दुकानाच्या नावावर चादर टाकली. माझ्या मनगटावरचं घड्याळ उतरवलं, कारण ते उजव्या हातात दिसलं असतं. डावीकडचा माझा भांग त्याने स्वतःच्या कंगव्याने उजवीकडे पाडला, म्हणजे पडद्यावर तो डावीकडे येईल. आमच्यापैकी कुणाच्या हातून काही सुटलं असेल असं आम्हा दोघांनाही वाटलं नाही. आगटेने आपलं जानवं कॉलेजात असतानाच खुंटीला लावलं होतं, आणि माझं इतकं अंगवळणी पडलेलं की ते मला दिसतच नव्हतं.

मला शिडीने शेंड्यावर चढवलं आणि शिडी काढून घेतली. योजना अशी की मी दिमाखात, सावकाश, एकेक पकड घेत उतरायचं. पण खांबावर पकड देणारं चिकट एरंडेल नव्हतं, निसरडं मोहरीचं तेल होतं. आगटे ‘सुरू’ म्हणाला की नाही ते मला सांगता येणार नाही. मला आठवतं ते एवढंच, की मी वर होतो आणि मग मी वाळूत उताणा पडलो होतो. एक कावळा येऊन माझ्या उशाशी बसला आणि मान तिरकी करून बघू लागला. आगटे ओरडला, अप्रतिम, आता पुन्हा. मी पुन्हा गेलो. एकदा मध्येच अडकलो, एकदा खांबाभोवती फिरत आलो, एकदा डोकं खाली आणि पाय वर झाले. माकडटोप्यांनी प्रत्येक वेळी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं हाच खेळ.

फिल्म धुऊन मुंबईहून पोस्टाने आली. आगटेने आमच्या स्वयंपाकघरात कपडे वाळत घालायच्या दोरीवर तिचे तुकडे टांगले आणि कात्री नि चिकटपट्टी घेऊन बसला. लीनाला आत यायला बंदी होती. पहिल्यांदा ती भिंतीवर बघितली तेव्हा मी माझ्या पोटाकडे बघत होतो आणि आगटे आपल्या कापाकापीकडे. पण खरं सांगायचं तर मी थक्क झालो. वाळूत पडलेला एक माणूस उठतो, कसलाही जोर न लावता खांबावरून वर जातो, गरगर फिरतो, डोकं खाली करून सरकतो आणि शेंड्यावर जाऊन बसतो. घाबरलेला माझा चेहरा उलट्या फिल्ममध्ये हळूहळू शांत होत गेलेला दिसत होता. मला अभिमान वाटला. थोडा वेळ मी विसरलोच की मी चढलेलो नाही.

रौप्यमहोत्सवाला मैदान भरलं होतं. पुढे मुलं, मधे बंगाली मंडळी, आणि उजवीकडे खुर्च्यांवर आमची दहा-बारा मराठी बिऱ्हाडं, आपल्यातल्या माणसाला बघायला मुद्दाम आलेली. श्यामराव सगळ्यांत पुढे. लीनाच्या वर्गातल्या पोरी सतरंजीवर होत्या आणि सुचित्रा तिला खेटून बसली होती. वीणा झाली, सान्यालबाबूंनी मराठ्यांच्या शौर्यावर भाषण केलं, आणि आगटेने प्रोजेक्टर लावला.

पडद्यावर मी उताणा पडलेला होतो आणि उशाशी कावळा. तो मागच्या मागे उडून गेला. मग मी उठलो आणि वर निघालो, आणि मैदानातून असा आवाज उठला की माझे कान तापले. लोक उभे राहिले. लीनाने सुचित्राकडे बघितलं. त्या बघण्यात इतके महिने साठलेलं सगळं होतं. एवढ्यासाठी मी आणखी दहा वेळा पडलो असतो. पडद्यावरचा मी शेंड्यावर पोचलो, छाती काढून प्रेक्षकांकडे वळलो, पांढरंशुभ्र जानवं चमकलं, श्यामराव ताडकन उठले, आणि वीज गेली.

लोडशेडिंगचं कुणाला काही वाटत नसे. पण त्या काळोखात श्यामरावांचा आवाज आला, “टेंबे, तुमचे वडील कधी गेले?”

मला कळेना. मग कळलं. जानवं डाव्या खांद्यावर असतं. उजव्या खांद्यावर घेतात ते श्राद्धाला, पितरांचं करताना. ज्याचे वडील हयात आहेत त्याच्यावर ती वेळच येत नाही. पडद्यावर माझं जानवं उजव्या खांद्यावर होतं. त्यात तो कावळा. मराठी खुर्च्यांमध्ये कुजबुज सुरू झाली; कुणीतरी म्हणालं, म्हणूनच परवा एवढे गप्प होते. बंगाली ब्राह्मणांचाही रिवाज तोच, त्यामुळे सान्यालबाबूंनाही ते दिसलं होतं. त्यांनी अंधारातच माझा हात धरला आणि पितृवियोगाच्या दुःखातही तुम्ही संघाला दिलेला शब्द पाळलात, असं म्हणू लागले. बातमी रांगेरांगेने पुढे सरकली.

गप्प बसलो असतो तर निभलं असतं. दुसऱ्या दिवशी लोक फळं घेऊन सांत्वनाला आले असते, मी खाली मान घालून ती घेतली असती आणि उन्हाळ्यात वडील स्वतः येणार होते तोवर काहीतरी सुचलं असतं. तेवढ्यात सतरंजीवरून रडण्याचा आवाज आला. बातमी मुलांपर्यंत पोचली होती. लीना “आप्पाआजोबा” म्हणत हुंदके देत होती.

मी उठलो आणि अंधारातच बोललो. “आप्पा सांगलीला आहेत आणि ठणठणीत आहेत. लीना, ऐक. आजोबांना काही झालेलं नाही. मी खांबावर चढलेलो नाही. मला चढता येत नाही. मी वरून पडलो आणि फिल्म उलटी जोडली आहे, म्हणून जानवं त्या बाजूला दिसतं.”

मराठी खुर्च्यांना कळलं. मागून काय म्हणाले, काय म्हणाले अशी विचारणा सुरू झाली, म्हणून हेच मला हिंदीत सांगावं लागलं, आणि ज्यांना माझं हिंदी कळलं नाही त्यांच्यासाठी सान्यालबाबूंनी बंगालीत सांगितलं. अशी माझी अब्रू तीन भाषांत गेली. आणि दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसे दिवे आले.

सगळे माझ्याकडे बघत होते. सान्यालबाबूंनी थोडा विचार केला आणि आगटेला विचारलं, हा प्रोजेक्टर उलटा चालतो का? आगटे नको तिथे प्रामाणिक; चालतो म्हणाला. मग बालीगंजाने माझं खरं कर्तृत्व बघितलं. मी शेंड्यावरून सुटत होतो, फिरत होतो, उलटा होत होतो, वाळूत आपटत होतो, आणि कावळा येऊन बसत होता. लोक हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडले. पुन्हा लावायला लावली. वीणावाल्या मामी पदराने डोळे पुसत होत्या. एकटे श्यामराव गंभीर होते. खरं दाखवलंत तरी जानवं उजव्याच खांद्यावर आहे, असं ते म्हणाले, आणि ते बरोबर होतं. फिल्म पालथी ती पालथीच. या खेपेला त्यांनी मला प्रायश्चित्त सांगितलं.

या सगळ्याची मला लाज वाटली नाही. लाज वाटली ती लीनापुढे. सुचित्रा पोट धरून हसत होती आणि लीना तिच्या शेजारी ताठ बसली होती, पडद्याकडे बघत. घरी येताना ती आमच्या चार पावलं पुढे चालली. जेवली, वाढलेलं सगळं संपवलं आणि झोपली. मी कालिंदीला म्हटलं, रागावून बोलली असती तर बरं झालं असतं.

सकाळी कुणीतरी मला हलवून उठवलं. लीना शाळेच्या खेळाच्या चड्डीत उभी होती.

“बाबा, खांब आज काढून नेणार. चल लवकर.”

कशाला, म्हणून मी विचारलं.

“सुचित्राला सांगितलंय ये म्हणून. ती म्हणाली, उलटं तर कुणीपण करेल. मी म्हटलं, मी सुलटं करते.”

मैदानात धुकं होतं. सुचित्रा गळ्यापर्यंत शाल गुंडाळून उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर कालचं हसू अजून होतं. कालिंदी आमच्या मागोमाग जुनं पातळ घेऊन आली आणि तिने खांब हात पोचेल तिथपर्यंत घासून पुसला. मी लीनाला म्हटलं, पडशील, हात सुटेल, राहू दे. तिने ऐकलं नाही. खांबाला मिठी मारली, पाय आवळले आणि निघाली. दोनदा घसरली. पुसलेला भाग संपल्यावर तर एक हात वर आणि अर्धा हात खाली असं चाललं होतं. मी खाली दोन्ही हात पसरून गोल गोल फिरत होतो. आणि मग ती शेंड्याला पोचली. तिथे तिने खांब कवटाळला, खाली बघितलं, आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

“बाबा, आता?”

“आता उतरायचं,” मी म्हटलं. “ते मला येतं. टाचा खांबाला लाव. घाई करू नको. खाली बघू नको, माझ्याकडे बघ.”

मी खाली होतो, त्यामुळे या सूचनेत थोडी गफलत होती, पण तिला कळलं. ती अंगुळाअंगुळाने उतरली, तेलाने माखलेली, आणि वाळूत माझ्यासमोर उभी राहिली. सुचित्राने शाल काढली आणि आता माझी पाळी म्हणून खांबाकडे गेली. लीनाने तिला टाचा कशा लावायच्या ते दाखवलं.

आगटे त्या वेळी घरी झोपला होता. त्यामुळे या चढण्याची फिल्म नाही, आणि मी सांगायला लागलो की बालीगंजात कुणी विश्वास ठेवत नाही.